डाव्या पायाचं लंगडणं

आजही सकाळी जाग येण्याच्या थोडं आधी माझ्या तळपायांना मुरूम लागतो. डोळे मिटलेले असतात, बाहेर दूधवाल्याची सायकल खडखडत जाते, आणि मी मात्र नागपुरातल्या सदर वस्तीच्या मागच्या त्या मैदानाच्या मधोमध उभी असते. भर थंडीतलं धुकं असतं. पलीकडचे गोलाचे खांब दिसत नाहीत, अलीकडचेही नाहीत, आणि कडेची चिंचेची झाडं नुसती कुणीतरी उभं असल्यासारखी वाटतात. कुठून तरी चेंडू येतो. आधी त्याचा आवाज येतो, मग तो येतो. मी त्याला पायानं थांबवते, मान वर करते, आणि तो कुणाला द्यायचा हे मला आधीच ठाऊक असतं. एवढंच स्वप्न. त्यात गोल होत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. तरी त्या दिवशी मी घरात गुणगुणत फिरते आणि कुणी काही बोललं तरी मनाला लावून घेत नाही, जे एरवी माझ्या स्वभावात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजात होते. हल्ली मुलींना फुटबॉल खेळायचा पगार मिळतो, करार होतात, टीव्हीवर मुलाखती येतात. मी त्या बघते आणि थोडी जळतेही, खोटं कशाला बोलू. आम्हाला सरावानंतर दोन केळी मिळायची, तीही बाईंच्या पदरची. पण ज्याला दुसरं काही सुचतच नाही तो व्यावसायिक, असं धरलं तर मी पक्की व्यावसायिक होते. वर्गात फळ्याकडे बघताना मला मैदान दिसायचं. लग्नाच्या मांडवात बसले तरी माणसांमधल्या मोकळ्या जागा दिसायच्या आणि वाटायचं, इथून चेंडू गेला असता.

बाई म्हणजे आमच्या कॉलेजातल्या व्यायामाच्या बाई. चाळिशीच्या आसपासच्या, लग्न न केलेल्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचून पायात कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. त्यांनीच मुलींचा संघ जमवला. कुणी रेल्वे क्वार्टर्समधली, कुणी सदरमधली ख्रिस्ती मुलगी, कुणी गवळ्याची, आणि मी कापड दुकानदाराची. वडिलांचं सदरमध्ये दुकान होतं, मुख्यतः शाळांच्या गणवेशाच्या कापडाचं. त्या दुकानात उरलेल्या निळ्या ड्रिलच्या तुकड्यांतून आमच्या संघाच्या गुडघे झाकणाऱ्या ढगळ चड्ड्या शिवल्या गेल्या. शिवल्या माझ्या आईनं, घरच्या मशीनवर. वडिलांना वाटायचं, ती उशांचे अभ्रे शिवते आहे. एवढे अभ्रे कुठं जातात, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

वडील भले गृहस्थ होते, पण फुटबॉल हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगी कॉलेजात खेळाले जाते." काय खेळायला जाते, ते ऐकणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यावं. बहुतेक जण बॅडमिंटन समजायचे.

आई भिवापूरकडची. दरवर्षी तिच्या माहेरून मिरचीचं पोतं यायचं, आणि ते आलं की घरातल्या सगळ्या बायका देठं खुडायला बसायच्या, हातांची आग व्हायची, शिंका थांबायच्या नाहीत. अशाच एका देठं खुडण्याच्या दिवसांत ती एकदा मैदानावर आली. मला सांगून नाही आली. मी वळले तर चिंचेखाली डोक्यावरून पदर घेऊन उभी. खेळ संपेपर्यंत उभी राहिली आणि घरी येताना रस्त्यात तिनं विचारलं,

"तू गोल काहून नाही मारत वं? बाकीच्या मारून राहिल्या."

"मी मधली आहे आई. मी दुसरीले देतो."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मंजे वाढणारी."

मी हसले, पण ती हसली नव्हती. "पंगतीत पाह्यत नाही काय आपण, कोणाच्या पानात काय नाही ते? एकीच्या पानात भात वाढता वाढता तिसरीकडे डोळा असते. तसंच करून राहिली तू." आणि मग पुढं, "वाढणारी शेवटी जेवते बाप्पा. तिच्यापर्यंत काही उरते काय?"

"उरते ना. सगळा खेळ उरते."

माझ्या जागेबद्दल पुढं पुष्कळांनी पुष्कळ समजावलं, फळ्यावर खडूनं रेघा मारून समजावलं. आईइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली, फक्त तसं कधी म्हणाली नाही. तोंडातून काय निघावं याबद्दल ती फार जपून असायची. आमच्याकडे दिवा विझला म्हणायचं नाही, बांगडी फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढली म्हणायचं. वाईट शब्द हवेत राहतो आणि घर शोधत फिरतो, असं तिचं म्हणणं होतं. मी तिची टिंगल करायची.

बाईंची एक खोड होती. मुली पळताना त्या पायांकडे बघतच नसत. शिट्टी झाली, मुली पाण्याच्या माठाकडे निघाल्या, की मग बघायच्या. त्या म्हणत, "पळताना कोणीबी लपवते. पाणी प्याले येताना पाय खरं बोलते." अशाच एका पाण्याच्या सुट्टीत त्यांना आमच्या उजव्या बाजूला खेळणारीचा पाय दुखावलेला दिसला. त्यांनी तिला मायेनंच घरी पाठवलं, म्हणाल्या, बरी हो आणि ये. ती बरी झाली, पण आली नाही. घरच्यांना तेवढं निमित्त पुरलं होतं. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर तिचंही उरकून टाकलं.

म्हणून त्या शेवटच्या हिवाळ्यात माझा उजवा गुडघा फिरला तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. मोहल्ल्यातल्या पोरांच्या संघाबरोबर सराव चालला होता. मी वळले, आणि गुडघ्यात काहीतरी सरकून परत जागेवर बसलं. बस, एवढंच. त्यानंतर तो कधीतरी अडकायचा, कधीतरी सुजायचा. मी ड्रिलची पट्टी फाडून चड्डीच्या आत बांधायची. आणि माठाकडे जाताना चालण्याचा सराव करायची, हो, चालण्याचाच. घरी, आईची पाठ वळली की माजघरात, कॉलेजच्या रिकाम्या वऱ्हांड्यात. उजवा पाय सरळ टाकायचा, टाच आधी, चेहऱ्यावर काही नाही. दुखणं पोटात ढकलायचं. महिन्याभरात तो पाय इतका शिकला की मी झोपेत चालले असते तरी सरळ चालले असते. बाईंना काही दिसलं नाही. मला माझाच अभिमान वाटायचा.

मग बातमी आली की दूर कलकत्त्याकडे मुलींच्या संघांची मोठी स्पर्धा आहे, आणि आमच्या भागाच्या संघात मध्यात मी आहे. कलकत्ता! तिथं म्हणे गवतावर खेळतात. आम्ही गवत बघितलं होतं ते गाई खाताना. अनेक दिवस मी चालत नव्हते, तरंगत होते. पण वडिलांचा होकार हवा होता, आणि वडील आज नाही उद्या बोलू असं करत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "रविवारी मीच येतो तुह्या घरी."

वडिलांनी मात्र त्याच रविवारी पाहुणे बोलावले होते. रामटेककडची मंडळी, भातगिरणी, शेती, एकुलता मुलगा. आणि आदल्या दिवशी त्यांनी पानावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "जमलं तर खेळाचं काही राहत नाही. सोयरीक झाल्यावर पोरगी परमुलखात पाठवता येत नाही." नाही जमलं तर काय, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. जेवण तसंच टाकून उठले.

रविवारी सकाळी आई माझी वेणी घालत होती. वेणी घालता घालता, माझ्या डोक्याशी बोलावं तशी म्हणाली,

"पाणी आणाले सांगतीन तुले."

"तहान लागली तर सांगतीनच."

"तहान नाही लागत कोणाले. चाल पाह्यतेत." आमच्याकडे मुलीला चालून दाखव असं तोंडावर म्हणत नसत, ते असभ्य. पाणी आण म्हणत, सुपारी आण म्हणत, आणि सगळ्या बायका गप्प बसून पायांकडे बघत. आईनं रिबिनीची गाठ मारली. "पाय थोडासा ओढला, तर मी काही म्हणणार नाही."

मी वळून तिच्याकडे बघायला लागले. तिनं माझं डोकं धरून परत सरळ केलं.

"आणि बाबा?"

"ते पाव्हण्याईच्या तोंडाकडे पाह्यतीन. पायाकडे नाही."

जिला बांगडी फुटली म्हणवत नव्हतं, त्या माझ्या आईनं मला लंगडायला सांगितलं होतं. तिला माझ्या गुडघ्याचं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी माझे दोन्ही पाय ठणठणीत होते.

पाहुणे आले. मुलाची आई, मावशी, काका आणि मुलगा. मुलगा बरा होता, उगाच नावं ठेवणार नाही. मान खाली घालून बशीतला चिवडा निवडत होता. सगळं सुरळीत चाललं असताना दारात सायकलची घंटी वाजली आणि बाई आत आल्या. वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण आल्या माणसाला जा म्हणायची आमच्याकडे रीत नाही. "या ना बाई, बसा," म्हणाले. बाई बायकांच्या ओळीत सतरंजीवर बसल्या. पाहुण्यांना वाटलं, मुलीची आत्या असेल. आईनं त्यांच्याही हातात बशी दिली.

आणि मावशी म्हणाली, "पोरी, तांब्याभर पाणी आण वं."

मी स्वयंपाकघरात तांब्या भरून उभी राहिले. बाहेरच्या खोलीत दोन्हीकडच्या परीक्षक शेजारी शेजारी बसल्या होत्या. लंगडले नाही, तर सोयरीक जमणार आणि खेळ संपणार. लंगडले, तर सोयरीक मोडेल, पण बाईंना दिसेल, त्या बरी हो आणि ये म्हणतील आणि खेळ संपणार. त्या तर जगातल्या एकट्याच बाई होत्या ज्या पाणी आणणाऱ्या मुलीकडे पाहुण्यांपेक्षाही बारकाईनं बघत. माजघर ओलांडायला वेळ तो किती लागतो? मला ते आठवतं तेव्हा ते माजघर लांबच लांब होत जातं, कोनाड्यातला समईचा उजेड, मशीनवर टाकलेली चादर, आणि तांब्यातलं पाणी हलतंय.

मी उंबऱ्याशी आले आणि पाय ओढायचं ठरवलं. उजवा ओढला जाईना! खरोखर जाईना. महिनाभर त्याला मी जे शिकवलं होतं तेच तो करत होता, टाच आधी, सरळ, शहाण्यासारखा. दुखत होता, तरी सरळ. तेव्हा मी डावा ओढला. माझा चांगला पाय. विचार करून नाही, जो ऐकत होता त्यालाच सांगितलं.

मावशीनं पाण्याला तोंडही लावलं नाही. म्हणाली, "आता हे ताट आत ठेव." मी ठेवलं. "सुपारीचा डबा आण." मी आणला. प्रत्येक वेळी मनात घोकत होते, डावा, डावा, डावा. शेवटी तिनं आईकडे बघितलं.

"पोरीच्या पायाले काही लागलं काय?"

वडील काहीतरी पुटपुटणार इतक्यात आई बोलली, अगदी सहज, मीठ मागावं तशी. "थोडासा अधू आहे जी. लहानपणापासून. तसं कामाले काही अडत नाही."

पाहुणे चहा घेऊन, पुढच्या बसची वेळ विचारून उठले. मुलानं जाताना एकदाच माझ्याकडे बघितलं आणि त्याला माझं वाईट वाटलं असावं. बाईंनी मात्र बशीतला चिवडा शेवटच्या दाण्यापर्यंत संपवला.

मी त्यांना पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "डावा काहून घेतला वं? काल त्याच डाव्यानं तू अर्ध्या मैदानातून चेंडू मारला."

"घाईत तोच सुचला, बाई."

"असं नाटक माह्या जन्मात नाही पाह्यलं मी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मीही हसले. तेव्हा सांगायला हवं होतं, असं ही हकिगत ऐकणारे सगळे म्हणतात. म्हणू देत. कलकत्ता समोर दिसत असताना कोण सांगतं?

वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले ते पाय न धुताच खाटेवर बसले. झालं होतं असं की सदरमध्ये बातमी पोचली होती. नेहमीचं गिऱ्हाईक, कापड बघता बघता म्हणालं, "पोरगी लंगडी आहे म्हणते, शेठजी? कधी बोलले नाही तुम्ही." आणि वडिलांचा तोल गेला. भर दुकानात, नोकरांसमोर ते म्हणाले, "लंगडी? अहो, फुटबॉल खेळते ती! कलकत्त्याले चालली खेळाले!"

हे आम्हाला सांगताना ते स्वतःच चकित झालेले होते. तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला होता आणि आता परत घेता येत नव्हता. "आता गेल्याशिवाय गत नाही," ते म्हणाले. "लोकाईले पळताना दिसली पाहिजे. पेपरात फोटो-बिटो येते काय, ते विचार तुह्या बाईले." मी आत पळाले. आईनं मशीनवरून मान वर केली नाही, पण तिच्या पायाखालचं पायडल जरा जोरात चालायला लागलं.

स्पर्धेचं मैदान मला धड आठवत नाही, इतकं ते सुंदर होतं. गवतावर दव होतं आणि गवताला वास होता, आमच्या मुरुमाला नव्हता तसा. बाईंनी आमच्यासाठी कुठून तरी खिळ्यांचे जुने बूट मिळवले होते, बोटांपुढे कापूस कोंबून आम्ही ते घातले. पहिले दोन सामने गेले कसे कळलं नाही, एक हरलो, एक जिंकलो. तिसऱ्यात दुसऱ्या अर्ध्यात मला ते झालं जे खेळाडूला आयुष्यात एखाद्या वेळी होतं. सगळं हळू झालं. बाहेरचा गलका पाण्याखालून यावा तसा येत होता. कोण कुठं आहे हे मला न बघता कळत होतं. चेंडू माझ्याकडे यायचा, मी तो द्यायची, तो परत माझ्याकडे यायचा, आणि मोठ्या संघाच्या त्या धिप्पाड मुली माझ्या बाजूनं अशा निघून जायच्या की त्या मला शोधतच नाहीत असं वाटावं. मी खेळत नव्हते, मला खेळ होत होता. मी खूप सुखात होते. हे लिहिताना हात थांबतो, कारण तसं सुख मी नंतर बघितलं नाही, लग्नात नाही, बाळंतपणानंतर नाही.

मग मी वळले आणि बुटाचे खिळे गवतात रुतून राहिले. मी वळले, पाय वळला नाही. मुरुमावर पाय निसटला असता. गुडघ्यातून जो आवाज आला तो मला बाहेरून ऐकू आल्यासारखा वाटला.

मी गवतावर आडवी झाले होते. आभाळ पांढुरकं होतं. बाई धावत आल्या, पदर खोचलेला, शिट्टी छातीवर उडत असलेली. त्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. वाकून म्हणाल्या,

"ऊठ वं. इथं पाव्हणे नाही बसले."

मी उठले. खरंच उठले. बाईंचा दोष नाही, त्यांना वाटलं मी वेळ काढते आहे, थकले आहे, जरा नाटक करते आहे. आणि मला त्या क्षणी एकच हवं होतं, ते मधलं वर्तुळ. मी सरळ चालत तिकडे गेले, टाच आधी. शिकवलेला पाय होता तो. त्यानंतर चेंडू माझ्याकडे फार तर तीनचारदा आला असेल. शेवटच्या वेळी मी तो डाव्या कडेच्या मुलीला दिला, तिच्या पुढ्यात, जसा द्यायचा तसाच. तिनं तो खांबाबाहेर मारला. आम्ही हरलो. शिट्टी झाल्यावर सगळ्या पाणी प्यायला निघाल्या आणि मी जागची हलू शकले नाही. तेव्हा बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. मैदानाच्या त्या टोकापासून इथवर त्या धावत आल्या नाहीत, चालत आल्या, आणि मला दिसत होतं की येताना त्यांना सगळं समजत चाललं आहे.

नागपूरला उतरले तेव्हा वडील स्टेशनावर नव्हते, ते गल्लीच्या तोंडाशी दुकानातल्या चार माणसांना घेऊन उभे होते. मी पळताना नाही, निदान चालत येताना तरी दिसावी म्हणून. सायकलरिक्षातून उतरताना मी पुष्कळ प्रयत्न केला. तो पाय शिकलेलं सगळं विसरला होता. वडिलांनी मला उचललं, एवढ्या मोठ्या मुलीला, आणि सगळ्यांच्या देखत घरापर्यंत नेलं. त्यांनी मला तसं उचलल्याचं मला लहानपणचंही आठवत नाही.

पुढं प्लास्टर झालं, मालिश झालं, वैद्य झाले, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर झाले. चालता येऊ लागलं, पळता कधीच आलं नाही. लग्न उशिरा झालं, आणि ते बरंच झालं. पण माझं सगळं दुखणं एकीकडे आणि आईचं एकीकडे. ती त्या दिवसापासून खचली ती खचलीच. तिचं एकच, "माह्या तोंडून निघालं. अधू आहे म्हटलं मी. लहानपणापासून म्हटलं." देवापुढे बसली की पुटपुटायची, मिरच्यांची देठं खुडता खुडता मध्येच थांबायची.

मी तिला सांगितलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं सांगितलं. की गुडघा आधीच गेला होता, मोहल्ल्यातल्या पोरांशी खेळताना, कुठल्या बाजूला वळताना, कुठली पट्टी फाडून बांधली होती, माजघरात कशी चालायचे. तुझ्या शब्दानं काही झालं नाही आई, शब्दाच्या आधीच झालं होतं. अगदी रागावून सांगितलं, रडून सांगितलं. खेळ गेला त्याचं दुःख मी कसंबसं गिळलं होतं, पण तिनं त्याचा दोष आपल्या माथी घ्यावा हे मला सहन होत नव्हतं.

ती फार थकली होती तेव्हा शेवटचं सांगितलं. ती माझा उजवा पाय मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती, तेवढं तिनं कधी सोडलं नाही. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग तेलाचा हात गुडघ्यावर तसाच ठेवून ती माझ्याकडे बघून हसली, मला माफ केल्यासारखी.

"मले बरं वाटावं म्हून सांगून राहिली तू. मले मालूम आहे वं, तू किती चांगलं नाटक करतं ते. पाह्यलं ना मी."

आणि तिनं वाटीतलं आणखी थोडं तेल हातावर घेतलं.